दोन ठोक्यांमधली फट

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या वाडीचे प्रमुख न्योमान सुडार्मा, व्यासपीठावरील आपल्या देवळाचे पुजारी पूज्य जेरो मांकू, आजचे सत्कारमूर्ती केतुतदादा रेन्तिग, आणि चटयांवर दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतो, म्हणून वाडीच्या वादकांनी मला गांगसा वाजवायला बसवलं. हातात हातोडी, समोर काशाच्या पट्ट्या. पहिल्याच दिवशी केतुतदादा म्हणाला, "स्वतःचं ऐकू नकोस, गाढवा. माझं ऐक. माझ्या दोन ठोक्यांमध्ये जी फट राहते, तेवढीच तुझी जागा."

तेव्हापासून मी त्याचंच वाद्य ऐकत आलो. त्याची गांगसा माझ्याहून किंचित उतरलेल्या सुरात. दोन्ही एकत्र वाजल्या की हवेत लाट उठते. एकटी वाजली तर नुसतं काशाचं भांडं! माझे कान असे झाले, की लग्नातल्या बँडमध्येही मी फटीच शोधतो. बायको म्हणते, "मी बोलत असते तेव्हा मात्र शेजारणीचं ऐकता!" असो, ती समोरच बसली आहे.

उद्या सकाळी दादाची लेक लुह त्याला समुद्रापलीकडे सुलावेसीला नेणार, कायमचं. गुडघे गेलेत, वहिनी राहिल्या नाहीत, घरात पाणी द्यायला कोणी नाही. लेकीचं चुकतं असं कोण म्हणेल?

पण परवा त्याच्या जागी पुतू बसला. पोरगा उत्तम वाजवतो, तुम्ही सगळ्यांनी वाहवा केलीत. तुम्हाला संगीत ऐकू आलं. मला? माझी हातोडी हवेतच राहिली. मंडळी, मला काहीच ऐकू आलं नाही. पौर्णिमेला देवळाचा उत्सव आहे. देवापुढे मी काय वाजवू?

दादाला विचारलं. म्हणाला, "आता पुतूचं ऐक." इतकं सोपं असतं का हो?

लुह, पोरी, माझ्या गॅरेजमागची खोली रिकामी आहे. जिना नाही. भात माझी बायको रांधेल, गुडघ्यांना तेल मी चोळेन. उत्सवापर्यंत तरी... नाही, खोटं कशाला बोलू, कायमचाच ठेव त्याला इथे. दादा, हातानं "बस कर" म्हणू नकोस. आज नाही बोललो तर केव्हा बोलू?

सत्काराच्या सभेत हे शोभत नाही, ठाऊक आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. कुठे चुकलो ते आजवर दादाच्या चेहऱ्याकडे बघून कळायचं. आत्ता तो मान खाली घालून बसलाय. तेव्हा किती चुकलो ते तुम्हीच ठरवा, आणि सांभाळून घ्या.