संडासाच्या दाराशी

आमी इथलेच हो ताई, बंगळूरचेच. तुमी पुण्याकडच्या, तुमाला वाटलं असंल ही मराठी बोलते म्हंजे गावाकडनं पोटासाठी आली असंल, तर तसं न्हाई. आमचे वाडवडील राजांच्या फौजेसंगट इकडं आले ते परत गेलेच न्हाईत, चारशे वर्षं झाली म्हणतात, कोण मोजायला बसलंय. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, दोन्ही स्वल्प स्वल्प मोडकी. कुळदेवी तेवढी तिकडंच र्‍हायली, तुळजापूरला. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

आता तुमच्या लेकीची शाळा जिथं हाय ना, सर्जापूर रोडला, तिथं माझ्या बापाचं रागीचं, म्हंजे तुमच्या नाचणीचं, रान होतं. बांधावर चिंच होती, चिंचेच्या ह्या अंगाला पोरं परसाकडं बसायची आन त्या अंगाला आमी पोरी, आन घाई झाली तर कोण कुठंही. कुणी पाटी लावली नव्हती. रान कवाच गेलं, त्याचं रडगाणं गात न्हाई मी. पण त्याच जागी आज लहान पोरांचा संडास हाय आन मी त्याच्या दाराशी उभी असते, बारा वर्षं झाली. नाव सुंदराबाई, पण ते हजेरीच्या पुस्तकात. एरवी आया. मोठ्या बाईंपासनं पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांची आया.

काय सांगू तुमाला, लोकांना वाटतं फरशी पुसणं म्हंजे आयाचं काम. फरशी कुणीबी पुसंल. कुठल्या पोराला लागलीय ते तोंड बघून कळायला पायजे. कुणाची चेन अडकती, कुणाला पट्टा सुटत न्हाई, कोण आत जाऊन नुसतंच पाण्यात खेळतं, कोण बाईंना भिऊन विचारतच न्हाई. आन आमाला म्हणाल, तर आया लोकांना शाळेत संडास न्हाई. गेटावरच्या वॉचमनचा वापरा म्हणतात, त्याला धड कडी न्हाई. म्हणून मी सकाळचा चहा घेते तो घेते, दुपारपर्यंत पाण्याचा घोट न्हाई. दाबून धरणं म्हंजे काय ते मला कुणी शिकवू नका.

आता दौलतचं सांगते. दौलत माझा नातू. लेक माझा तिकडं पीण्या भागात कारखान्यात, सून मीना बोम्मसंद्र्याला शिवणाच्या फॅक्टरीत, पोर माझ्याच पदराखाली वाढलं. जन्मला तवा मुठीएवढा होता, महिनाभर काचेच्या पेटीत. मी काचेला हात लावून बोलले, आई भवानी, पोर जगू दे, तुझ्या पायाशी आणीस्तोवर त्याच्या केसाला कात्री लावणार न्हाई. जगला पोरगा. तिसऱ्या वर्षी जावळ काढायला जायचं ठरलं तर आमचे मालकच गेले, वरीसभर देवाचं काही करता येईना. पाचव्या वर्षी मीनाला रजा मिळाली न्हाई. केस वाढत र्‍हायले, मी रोज तेल घालून दोन वेण्या घालायची, घट्ट. देवीचे केस, मोकळे कसे सोडणार.

मी कामाला म्हणून शाळेनं पोराला घेतलं. पहिल्याच दिवशी मुलांच्या संडासातनं बाहेर ढकलला, हुडुगी आली हुडुगी आली, म्हंजे पोरगी आली. मी माझ्याकडं घेतला, मुलींच्या बाजूला, तर तिथं पोरी किंचाळल्या, कुणाच्या तरी आईनं तक्रार केली, मोठ्या बाई मला बोलल्या, आया, तुमाला एवढं कळत न्हाई का. कळतं की. मंग पोरानं जायचंच सोडलं. सकाळी घरनं करून यायचा ते साडेतीनला घरी जाऊन. बाटलीतलं पाणी तसंच परत आणायचा. मी दाराशी उभी, शंभर पोरांचे पट्टे सोडायची, आन माझंच पोर वर्गात पायावर पाय आवळून बसलेलं. वरीसभर.

मंग नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी पहिली दुसरीच्या पोरांसाठी मधली भिंत काढली, पाट्या काढल्या, चार खोल्या केल्या, वरनं खालपर्यंत दार, आत कडी, पोराच्या हाताला पुरंल अशी, आन हात धुवायची जागा बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यापुढं. ज्याला लागलीय त्यानं मोकळ्या खोलीत जायचं, बास. पहिल्या दिवशी दौलत लायनीत उभा र्‍हायला, आत गेला, कडी लावली. बाहेर आला, ओले हात मला दाखवले आन म्हणाला, अज्जी, आयतु. झालं म्हणाला. मी तिकडं तोंड करून पदरानं डोळे पुसले, फिनाईल गेलं म्हटलं डोळ्यात.

चारच महिने, ताई. मंग आईबापांच्या मोबाईलात पेटलं ते. मीटिंग लागली. तुमी होता की, मागच्या लायनीत, निळी साडी. एक साहेब उभे र्‍हायले, आपली संस्कृती म्हणाले, पोरी आन पोरं एका ठिकाणी म्हंजे काय. एक बाई म्हणाल्या परदेशात असंच असतं. दुसऱ्या म्हणाल्या मंग परदेशात जा. ज्यांच्या घरी तीन माणसांना तीन संडास ते सगळे भांडत होते, आन कडी बसते का, पाणी येतं का, एकानं विचारलं न्हाई. मला कोपऱ्यात उभी केली होती पाण्याचे ग्लास घेऊन. मोठ्या बाई म्हणाल्या, आपल्या आयाला विचारा, पोरांना काय तरास हाय का. मला आधी शिकवून ठेवलं होतं, सरी हाय, म्हंजे ठीक हाय, समदं सरी हाय, एवढंच म्हण.

तेवढंच म्हटलं असतं तर! पण माझी जीभ. मला वाटलं खरं सांगितलं तर माणसं समजून घेतील. मी म्हटलं, वरीसभर शाळेत शू न करणारं पोर आता करतंय, अजून काय पायजे. कुणाचं पोर, विचारलं. मी म्हटलं माझा नातू, दौलत, वेण्या घालतो तो, नवसाचे केस हायेत.

झालं. ते साहेब म्हणाले, म्हंजे एका आयाच्या पोरासाठी आमच्या पोरींचा संडास काढला? आन त्या परदेशवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मला मिठी मारली, आन दुसऱ्या दिवशी पोराचा पाठमोरा फोटो मोबाईलवर टाकला, वेण्यांसकट. ह्याला जसं राहायचंय तसं राहू द्या, असं वर लिहिलं. मीनानं मला वाचून दाखवलं. अगं बाई, त्याला कुठं तसं राहायचंय? केस त्याचे न्हाईत, देवीचे हायेत. एकांनी त्याला घाण केलं, दुसऱ्यांनी झेंडा केला. पोर म्हणून कुणी बघितलं सांगा.

आठवड्यात मधी प्लायवूड उभं र्‍हायलं, दोन पाट्या लागल्या. फोटो बसमधल्या मोठ्या पोरांपर्यंत पोचला होता. दौलतनं परत आवळून धरायला सुरुवात केली, आन महिन्याभरात ताप आला, शू करताना ओरडायचा. डॉक्टर मला म्हणाले, अज्जी, पोराला पाणी देत न्हाई का?

त्या रविवारी मी मीनाची शिवणाची कात्री घेतली, पोराला नळाजवळ पाटावर बसवलं. तो म्हणाला अज्जी, देवी रागवंल ना? मी म्हटलं रागवंल ती माझ्यावर, बोलले मी होते, तू न्हाई. एक वेणी कापली, हात थांबला माझा. तोच म्हणाला, ही पण. केस हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत. नवस मोडला. माणसांनी मोडायला लावला, पण कात्री माझ्याच हातात होती, ते मी कुणावर ढकलत न्हाई.

आता जातो तो मुलांच्या बाजूला, सगळ्यांसारखा. हात मात्र दाखवत न्हाई.

आन परवाचं सांगते, त्यासाठीच बसले खरं तर. पहिलीतली एक पोर तिरुपतीला जाऊन आलेली, डोस्कं गुळगुळीत. युनिफॉर्म सगळ्यांचा एकच, चड्डी शर्ट. मुलींच्या दारातनं पोरींनी तिला ढकललं, हुडुगा हुडुगा, पोरगा म्हणून. ती रडत दुसऱ्या दाराकडं गेली. तिथं एक पोरगं चौकटीला हात आडवा लावून उभं र्‍हायलं, इकडं पण न्हाई, जा. सगळे हसले. हात आडवा लावणारा माझा दौलत होता.

मारलं न्हाई मी त्याला. जे ताटात वाढलं तेच त्यानं पुढं वाढलं, त्याला काय मारू. पोरीचा हात धरून आत नेली, पण तवर तिचे बूट ओले झाले होते. फरशी पुसली, बूट पुसले, दाराशी येऊन उभी र्‍हायले.

तुमी लिहिताय तर एवढं लिहा. लेकरू शाळेतनं घरी आलं की मार्क मागनं विचारा, आज पाणी प्यालीस का, शू केलीस का, ते आधी विचारा. आन त्या ढकलणाऱ्या पोरींत तुमची लेक होती का ते मला विचारू नका, मी सांगणार न्हाई. आई भवानी तिला सुखात ठेवो.