एकोणीस दिवसांचा तारा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय विभागप्रमुख. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले माझे मार्गदर्शक सर. कार्यशाळेतून हात पुसत आलेले आणि पुढे बोलावूनही शेवटच्या रांगेतच बसलेले काका. माझे सगळे अर्ज माझ्यापेक्षा जास्त काळजीने भरणाऱ्या कार्यालयातल्या बाई. माझी आई आणि मावशी. आणि परीक्षा तोंडावर असताना, चहाच्या आशेने का होईना, इथे जमलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

निरोप घ्यायला मी दोन महिने उशिरा आले आहे. आधी अध्यक्ष दौऱ्यावर होते, मग या सभागृहाचं छत गळत होतं. तोवर माझी नवी नोकरी सुरूही झाली. त्यामुळे गेलेल्या माणसाला परत बोलावून निरोप द्यायचा, असा हा प्रकार आहे.

अध्यक्ष आत्ता म्हणाले की मी जड अंतःकरणाने हा विभाग सोडते आहे. क्षमा असावी, पण मी तपासून पाहिलं. जड नाही. हलकंही नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना? गाल जागेवर असतो, पण आपला नसतो. वर्षभर मी तशी आहे. कुणाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. माझं काम नोंदी करण्याचं होतं, म्हणून ही नोंद.

नवीन विद्यार्थ्यांना गोष्ट अर्धवट माहीत आहे. ती पूर्ण सांगते.

सहा वर्षं मी एका लाल ताऱ्यावर काम केलं. हा तारा दर एकोणीस दिवसांनी अगदी किंचित उजळायचा. त्याच्याभोवती फिरणारा, आपल्याला न दिसणारा एखादा जोडीदार असावा, असं आम्ही मांडलं. तीन निबंध छापून आले. तिन्हींवर सरांनी माझं नाव पहिलं घातलं. मावशी तेव्हा म्हणायची, ताऱ्याला स्थळ मिळालं, आता आमच्या मुलीला कधी? त्या निबंधांच्या जोरावर मला दूरच्या एका वेधशाळेत दोन वर्षांची जागाही मिळाली. आईने बॅग आणून ठेवली होती.

मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

आपल्या दुर्बिणीचा कॅमेरा थंड राहावा लागतो, आणि तो थंड राहावा म्हणून त्याच्या डब्यातली हवा अधूनमधून पंपाने ओढून काढावी लागते. हे काम काकांचं. ते दीड महिना रजेवर होते. बदली माणूस आठवण होईल तेव्हा पंप लावायचा. आणि त्याच दीड महिन्यात माझा तारा तारीख चुकला. एकदा पाच दिवस उशिरा उजळला, एकदा चार दिवस लवकर.

तारे आजारी माणसाची रजा पाळत नाहीत. मी तीन आठवडे माझी गणितं तपासली. शेवटी एका दुपारी कार्यशाळेत जाऊन काकांची नोंदवही मागितली. काकांनी ती पुठ्ठा घालून जपलेली. ती रजा सोडली तर सहा वर्षांत एकही खाडा नाही. दर एकोणीस दिवसांनी पंप. पंधरा नाही, वीस नाही. का, तर त्यांच्या आधीच्या माणसाने तसं सांगितलं होतं.

हवा साचत गेली की कॅमेरा शेवटच्या दिवसांत किंचित गरम व्हायचा, आणि गरम झाला की त्याला लाल उजेड जरा जास्त दिसायचा. शेजारचे निळे-पांढरे तारे तसेच राहायचे. माझा तेवढा उजळायचा. काकांनी पंप लावला की पुन्हा शांत. ते घड्याळ आकाशात नव्हतंच. ते काकांच्या शिस्तीत होतं.

मी कामाच्या टेबलाशी उभी राहून तारखा जुळवत होते. काका समोर होते. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे झालं का हे?"

मी म्हटलं, "नाही काका. तुम्ही चोख काम केलंत. आम्ही तुम्हाला सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही."

काका वहीच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती.

सरांच्या खोलीत मी दोन कागद घेऊन गेले. एकावर ताऱ्याच्या तारखा, एकावर काकांच्या. सरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. मग विचारलं, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

खरं सांगते सर, त्या क्षणी मला तुमची भीती वाटली. मला काही वाटलं, त्याची ती शेवटची नोंद आहे. मी म्हटलं, "काकांना."

"बरं," सर म्हणाले. "मग पत्र आजच लिहू. त्यांना उद्यापर्यंत ओझं नको."

निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी लिहिलं. त्यात वाक्य होतं, ही चूक माझ्याकडून झाली. सरांनी 'माझ्याकडून' खोडून 'आमच्याकडून' केलं, आणि खाली पहिली सही स्वतःची केली. त्या वर्षी सरांचं नाव एका मोठ्या समितीसाठी चाललं होतं. पुढे ते चाललं नाही. या इमारतीत त्यावर सगळे बोलले, आम्ही दोघं सोडून.

वेधशाळेलाही मीच कळवलं. चार सभ्य ओळींचं उत्तर आलं. आईने बॅग माळ्यावर टाकली. मावशी म्हणाली, दोघांचंही फिसकटलं म्हणायचं. त्या दिवशी घरात हसलेली ती एकटीच, आणि तीही नंतर आत जाऊन डोळे पुसत होती, असं आई सांगते.

कॅमेरा कसा फसवतो, यावरच मी प्रबंध पुरा केला. परीक्षकांनी वाखाणला. पदवी हातात घेतली तेव्हा कुणाची तरी छत्री थोडा वेळ सांभाळायला घेतल्यासारखं वाटलं.

आता मी काय करते? इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका कंपनीत उद्या कुठल्या वॉर्डाला किती चादरी लागतील, याचा अंदाज बांधते. पदनाम भारदस्त आहे, डेटा सायंटिस्ट. काम चादरींचं. मुलाखतीत विचारलं, तारे सोडून इकडे का? मी सांगितलं, मला आकड्यांतली खोट शोधता येते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझा अंदाज चुकला. लहान मुलांच्या वॉर्डाला तीस चादरी कमी गेल्या. तिथल्या सिस्टरांचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, सहा पोरं रेक्झिनच्या गादीवर आहेत. तुम्ही येऊन बघा."

मी गेले. एका मुलीची पाठ गादीला चिकटली होती. मी उभी राहून बघत होते, तर सिस्टरांनी माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलं आणि म्हणाल्या, धरा. धुलाईतून गाडी आली होती. आम्ही दोघींनी सहाही पलंग आवरले. मग मी त्यांना विचारलं, चादरी केव्हा बदलता, कधी जास्त लागतात, वहीत काय लिहिता आणि काय लिहीत नाही. त्या तासभर बोलल्या. ताप उतरताना मुलं घामाने भिजतात, एका दिवसात तीनदा चादर लागते, हे कुठल्याच आकड्यात नव्हतं. आता माझ्या गणितात ते आहे. गेल्या महिन्यात त्या वॉर्डाला एकदाही कमी पडलेली नाही.

याचा आनंद झाला का? आई रोज विचारते. झाला असावा. मला अजून कळवण्यात आलेलं नाही.

अध्यक्ष महोदय हळूच घड्याळ बघत आहेत, तेव्हा आवरते. बाईंचे आभार, अर्जांसाठी. काकांचे आभार, त्या वहीसाठी. आणि सर, त्या एका खोडलेल्या शब्दासाठी तुमचे आभार मी वर्षभर मानले नाहीत. पोकळ आभार तुम्हाला द्यायचे नव्हते. पण किती दिवस थांबायचं, हे कुठल्याही नोंदवहीत सापडेना. म्हणून आज ते फक्त शब्दांनी मानते. आतून जाणवतील त्या दिवशी पुन्हा येईन. समारंभ नको, हार-तुरे नकोत. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा.

बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल किंवा कुणाचा नको तितका झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सगळ्यांना नमस्कार.