बालगोरचे मागचे पाय

टायग : तो मागचा डावा पाय माझा आहे.

ब्रोना : कुणाचाही असो, दोरीच्या अलीकडून बघा.

टायग : सांगितलं एवढंच. उजवाही माझाच. आणि शेपूट.

लोर्कन : शेपूट यंत्रावर हलायचं.

टायग : कोण बोललं हे?

लोर्कन : कोण बोलणार? पुढचे पाय.

टायग : लोर्कन! तू अजून आहेस?

लोर्कन : आहे. आणि तू किती सुटलायस रे, टायग! आता एकट्यानंच भरेल तो राक्षस.

टायग : शेपूट माझ्या कंबरेला बांधलेलं होतं, कळलं? गारठा पडला की अजून धरते कंबर.

(आयर्लंडमधलं ब्रे गाव, समुद्राकाठचा जुना हॉल. जादूच्या सिनेमांतल्या कपड्यांचं आणि वस्तूंचं प्रदर्शन. दोरीपलीकडे बालगोर नावाचा चार पायांचा केसाळ राक्षस मान खाली टाकून उभा. ब्रोना तिथली राखणदार.)

ब्रोना : तुम्ही दोघं ओळखता एकमेकांना?

लोर्कन : न ओळखायला काय झालं? अख्खा उन्हाळा आणि अर्धा हिवाळा हा याच राक्षसात माझ्या मागे वाकून चालला.

टायग : मग यानं मला दलदलीत पाडलं. तेव्हापासून बोलणं बंद.

लोर्कन : मी पाडलं? तू घसरलास!

टायग : तू थांबलास! राक्षस कधी मध्येच थांबतो का?

लोर्कन : समोर मेंढी आली होती.

टायग : ऐका! राक्षस मेंढीला वाट देतो!

लोर्कन : सिनेमातली नव्हती ती. शेजारच्या शेतातून आली होती बापडी. तिला काय माहीत आपलं काय चाललंय ते.

ब्रोना : पण या पाटीवर तर वेगळंच लिहिलंय. 'बालगोर. पूर्णपणे यंत्रावर चालणारा. त्या काळातला चमत्कार.'

टायग : काय?

लोर्कन : पुन्हा वाच, पोरी.

ब्रोना : 'पूर्णपणे यंत्रावर चालणारा.'

टायग : हे यंत्र रोज दुपारी कांदा घालून हॅम खायचं, बाई!

लोर्कन : आणि खाल्ल्यावर ढेकर द्यायचं. यंत्र मागे असलं तरी वास काही मागे राहत नव्हता.

ब्रोना : मी मॅडमना बोलावून आणते. तोवर कशाला हात लावू नका. परवाच कुणीतरी परीराणीच्या पंखाला च्युइंगम चिकटवून गेलंय.

टायग : गेली. चल, तुझं बघून झालं असेल तर मी निघतो.

लोर्कन : टायग, मला आत जायचंय.

टायग : कुठे आत?

लोर्कन : बालगोरमध्ये.

टायग : डोकं फिरलंय का? या गुडघ्यांनी?

लोर्कन : माझ्या ऊनानं याला आतून अस्तर शिवलं होतं. माझी मान सोलून निघायची म्हणून. स्वतःचा फ्लॅनेलचा झगा फाडून.

टायग : आठवतंय.

लोर्कन : मार्चमध्ये गेली ती. तिनं शिवलेलं घरातलं सगळं मुली घेऊन गेल्या. मीच म्हटलं, घ्या. नंतर घर असं झालं की... आणि मग पेपरात याचा फोटो दिसला.

टायग : मग जा की. मी दाराकडे लक्ष ठेवतो.

लोर्कन : एकट्याला कसं जाता येईल? मागचा उभा राहिल्याशिवाय मान वर होत नाही.

टायग : हं. सांगाडाच तसा होता मेला.

लोर्कन : म्हणून विचारतोय.

टायग : आधी कबूल कर. तू थांबलास म्हणून मी पडलो.

लोर्कन : मेंढी होती रे!

टायग : बरं, बरं. कोट धर माझा. चेन पोटाखालीच ना?

लोर्कन : पोटाखाली. आधी पोट आत घे.

टायग : बालगोरचं?

लोर्कन : तुझं!

टायग : शिरलो. शी! अजून तोच ओल्या कुत्र्याचा वास. तू आलास का आत? उठतो आता. आई गं! झाली का मान वर?

लोर्कन : झाली.

टायग : आहे का अस्तर?

लोर्कन : आहे.

टायग : तेच ना?

लोर्कन : निळी फुलं आहेत त्याच्यावर. माझ्या डोक्यात पांढरंच बसलं होतं.

टायग : इथे माझा खिसाही आहे अजून.

लोर्कन : कसला खिसा?

टायग : सँडविच ठेवायचा. ऊनानंच लावून दिला होता. म्हणाली, सारखं वाकून भूक लागत असेल.

लोर्कन : मला नाही लावला खिसा!

टायग : तुझ्याशी लग्न केलं की तिनं. आणखी काय काय हवं तुला?

लोर्कन : तू तिच्या मातीला आला नाहीस.

टायग : आलो होतो.

लोर्कन : खोटं बोलू नकोस. चर्चच्या दारात उभा राहून मी एकेकाचा हात हातात घेतला.

टायग : बाजूच्या दारानं निघालो मी. शेवटच्या बाकावर होतो. धाकटीनं गाणं म्हटलं ना, तिचा सूर वर गेला की ऊनासारखाच थरथरतो.

लोर्कन : थरथरतो. पण मला कसा दिसला नाहीस?

टायग : तू पाठमोरा होतास. तुझी पाठ मी ओळखतो, लोर्कन. त्या दिवशी धड नव्हती ती. पुढे यावंसं वाटलं होतं. नाही आलो.

ब्रोना : अरे देवा! बालगोरची मान वर कशी झाली? अहो! तुम्ही आत आहात की काय? बाहेर या आधी! मॅडम फोनवर आहेत आणि शाळेची मुलं जिना चढतायत!

टायग : येतो, येतो. लोर्कन, चेन ओढ. लोर्कन? हा ऐकत नाहीये. पोरी, तूच ओढ खालून.

ब्रोना : अडकलीय. तुमचा सदरा आलाय मध्ये. थांबा, जोर लावते.

टायग : नको! सदरा नाहीये तो!

ब्रोना : मग हलू नका. आलीच मुलं. यंत्रासारखे उभे राहा.

टायग : यंत्राला शिंक आली तर?

ब्रोना : श्श! या रे, या. हा बालगोर. नाही, चावत नाही. हो, पोट हलतंय खरं, ते... आतला पंखा आहे. गुडघे? गुडघे कापतायत, कारण यंत्र जुनं आहे. ओरडतो का? ओरडतो की! मागे सरका सगळे. बालगोर, ओरड बरं!

टायग : लोर्कन, ओरड.

ब्रोना : बालगोर?

टायग : लोर्कन, अरे, पुढचा ओरडतो ना नेहमी... बरं. राहू दे. तू डोकं टेक तिथेच अस्तराला. मी बघतो. आऽऽऽघर्रर्र!

ब्रोना : टाळ्या! काय म्हणालास, बाळ? हो, शेपटाकडून आला खरा आवाज. अहो, मागून का ओरडला म्हणून विचारतायत मुलं. काय सांगू?

टायग : सांग, पुढच्याला आज जरा वेळ हवाय.