सातव्या दिवसाचं वजन

आशा सेविकेचं काम मी कुठं शिकले म्हणून विचारता ना? प्रशिक्षणात नाही, होटगीतल्या एका घरी शिकले. सविता माझी पहिलीच बाळंतीण. सातव्या दिवशी बाळाचं वजन करायला काटा घेऊन गेले, तर दारातच सासू म्हणाली, “बाळ काल गेलं, बाई. आता कुणाचं वजन करायचं?”

मी काटा पिशवीत घातला, वहीतल्या बाळाच्या रकान्यावर रेघ मारली आणि मागं फिरले.

अंगणाच्या कडेला सविता गार पाण्यानं भांडी घासत होती. कानाला फडकं नव्हतं, झंपर दुधानं भिजलेला. मान वर न करताच म्हणाली, “ताई, बाळ गेलं म्हणून मी बाळंतीण न्हाय व्हय?”