सुट्टीतलं गाव

नेरूळला दवाखान्यात बाळाच्या लसीच्या डोससाठी मी बसले होते. पुढच्या बाकावर एक आजी आणि तिची शाळकरी नात.

“आजी, सुट्टीत सगळी गावाला जातात. आपलं गाव कुठं?”

“ह्येच, पायल.”

“हे शहर आहे. टीचर म्हणाल्या, इंग्लंडमध्ये पूर्वी कॅथीड्रल, म्हणजे मोठं चर्च असलं, की गावाला शहर म्हणायचे.”

“आपल्याकडं शेता गेली, बिल्डिंगी आल्या, झाला शहर. आमाला कोनी इचारलाच नाय.”

“मग गाव गेलं?”

“गावदेवीचा देऊल हाय ना.”

“देऊळ असलं की गाव?”



“तवराच रायलाय, बाय.”

“मग सुट्टीत तिथं ने मला.”

“रस्ता वलांडला का आलाच देऊल.”

“तरी बॅग भरू?”

“भर.”