पुढचा कोलम

वासुकी : लॅपटॉप मीट ग आधी. तेरावा आटोपला, भटजी जेवून गेले. आता दारात तांदळाच्या पिठाचा कोलम पडायला हवा. तेरा दिवस उंबरा रांगोळीवाचून कोरडा आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, तूच बस.

कीर्तना : मला कुठे येतो, मावशी? म्हणून तर यातल्या एआयकडून काढून घेत होते. अम्मा रोज सकाळी कोलमचा फोटो पाठवायची ना, ते सगळे याला दिले. म्हटलं, पुढचा तू काढ.

वासुकी : अंबाचा कोलम यंत्र घालणार! पीठ कोण चाळून देणार त्याला?

कीर्तना : थट्टा नको. बघ, काय काढलं.

वासुकी : हे काय? एक ठिपका, भोवती एक वेढा. बिघडलंय तुझं यंत्र. एका ठिपक्याचा कोलम माझ्या बहिणीने जन्मात घातला नाही.

कीर्तना : मलाही तसंच वाटलं. मग फोटो तारखेवार लावले आणि ठिपक्यांच्या ओळी मोजल्या. डिसेंबरात, मार्गळीत एकवीस. युगादीला पंधरा. जुलैत, आडीत नऊ. शेवटच्या आठवड्यात तीन.

वासुकी : तीन. हो, तीनच होत्या.

कीर्तना : हे सगळं लक्षात ठेवतं, मावशी, आणि बेरीज-वजाबाकी करत बसतं. करता करता कमळं, वेली, पिठाची जाडी, सगळं गळून जातं. मागे नुसती एक चाल उरते. इथे एवढीच उरली, की कमी होतंय.

वासुकी : म्हणजे तिचं दुखणं कळलं त्याला?

कीर्तना : कुठलं? अम्मा कोण, कंबर म्हणजे काय, काही ठाऊक नाही. आठवण आणि वजाबाकी, बस्स. आणि मी पोटची पोर, चेन्नईत बसून रोज अंगठा पाठवत होते. 'सुपर, अम्मा.' तीन ओळींनाही सुपर!

वासुकी : रडू नको, कण्णा.

कीर्तना : डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? चार महिने आधी आणलं असतं तर...

वासुकी : ऐकलं. तू निदान फोटो बघत होतीस. मी तो कोलम ओलांडून रोज दुधाला जात होते. एकवीस ओळी होत्या तेव्हा लुगडं सावरून कडेकडेने जावं लागे. मग सरळ पाय टाकता यायला लागला. मी तिला काय म्हणाले, माहितेय? "बरं झालं अंबे, वाट मोकळी झाली."

कीर्तना : मावशी...

वासुकी : हसली ती. पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अक्का, जरा हात दे, उठव मला."

(वासुकी आतून पिठाचा डबा घेऊन येते.)

वासुकी : चल, बस खाली. पीठ चिमटीत धर. अशी नव्हे ग, सांबारात मीठ टाकतेस का?

कीर्तना : किती ठिपके?

वासुकी : त्याने सांगितलाय तेवढाच. एक. हं, आता वेढा घाल.

कीर्तना : वाकडा आला.

वासुकी : येऊ दे. उद्या तीन घाल. परवा पाच.

कीर्तना : परवा मी चेन्नईत असेन.

वासुकी : तिथे दार नाही? तिथे घाल. फोटो मला पाठव.

कीर्तना : तुला फोनमधलं कुठे धड दिसतं?

वासुकी : चष्मा लावीन. मोजीन.