रक्तासाठी गाडी येते

(बडोदे, नागरवाडा, १९९९. गोविंदरावांच्या घरचं दार. आतल्या खोलीत त्यांचा चाळिशीचा मुलगा अनय, बरीच वर्षं मनाच्या आजारानं घरीच. दारात त्याची थोरली बहीण आनंदी, शाळेत शिक्षिका. बाहेर डॉ. सलील, मूळचा पुण्याचा तरुण मनोविकारतज्ज्ञ. हातात बर्फाची पेटी.)

आनंदी : नाही म्हणजे नाही. ती पेटी आधी गाडीत ठेवून या, मग बोलू.

सलील : मॅडम, दोनच नळ्या रक्त हवंय. मागच्या वेळचे नमुने प्रवासात खराब झाले, म्हणून...

आनंदी : खराब झाले? म्हणजे माझ्या भावाला टोचलंत ते फुकटच?

सलील : फुकट असं नाही. एकाच घराण्यात दोघांना स्किझोफ्रेनिया, अशी कुटुंबं सहज मिळत नाहीत. तुमच्या वडिलांचे काका आणि आता अनयभाई. तुमचं कुटुंब आमच्या संशोधनासाठी फार मोलाचं आहे.

आनंदी : मोलाचं! अहो, हाच मोलाचा माणूस घेऊन गेल्या महिन्यात मी दवाखान्याच्या रांगेत उभी होते, सकाळपासून. नंबर लागला तर खिडकीतून उत्तर काय? ‘इंजेक्शन खलास छे बेन, आवता महिने आवजो.’ पुढच्या महिन्यात या म्हणे! आणि आतल्या डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं, ‘चालू ठेवा.’ जे औषध नाहीच, ते चालू ठेवा! शेवटी बाहेरून आणून टोचून घेतलं. रक्त न्यायचं असलं की तुमची गाडी थेट आमच्या गल्लीत शिरते. त्याचं रक्त विमानात बसून परदेशी जातं हो, त्याला मात्र सिटी बसचा कंडक्टर चढू देत नाही.

सलील : मॅडम, तो दवाखाना आमच्या हातात नाही. दवाखान्यांची पाहणी करायला म्हणून आम्हीही निधी मागितला होता. नाही मिळाला. जनुकांच्या कामासाठी मिळाला.

आनंदी : माणसापेक्षा त्याची जनुकं नशीबवान म्हणायची.

सलील : याच कामातून उद्या नवी औषधं निघतील.

आनंदी : उद्या म्हणजे केव्हा?

सलील : पंधरा-वीस वर्षं तरी...

आनंदी : तोवर माझा भाऊ साठीचा होईल. बरं, ते जाऊ द्या. तुमच्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडलं, ते ठाऊक आहे तुम्हाला?

सलील : आमच्यापायी?

आनंदी : प्रश्न विचारायला तुमची ती मुलगी आली होती ना? तिनं माझ्या वडिलांना समोर बसवून घराण्याची आकृती काढली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि आजारी असेल तो काळा करायचा. आबांच्या काकांचा चौकोन काळा, अनयचा काळा. आबांनी विचारलं, ‘पोरी, म्हणजे हे आमच्या बाजूनं आलं का गं?’ ती काय म्हणाली असेल?

सलील : काय?

आनंदी : काही नाही! हसली आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली. झालं. दुसऱ्या दिवशी आबा कोट चढवून छाणीला गेले, मोहनाच्या होणाऱ्या सासऱ्यांकडे. हिंमतरावांना म्हणाले, ‘आमच्या रक्तात दोष आहे. लग्नाआधी सांगणं माझं कर्तव्य.’ त्यांना कुणी विचारलंही नव्हतं हो! संध्याकाळी साखरपुड्याची अंगठी परत आली.

सलील : पण असं कुणी सांगितलंच नाही. विज्ञान असं म्हणतच नाही!

आनंदी : मग काय म्हणतं? बोला ना. आता तरी बोला.

सलील : हा आजार शंभरात एकाला, कुणालाही होऊ शकतो. मामाला असेल तर भाचीच्या बाबतीत शंभरात तीन-चार. बाकीच्या शहाण्णव जणींना होत नाही. आणि एकच एक दोषी जनुक असं काही नाही. लहानसहान कितीतरी गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यातल्या काही माझ्याही घराण्यात असतील.

गोविंदराव : पुन्हा सांगा.

आनंदी : आबा, तुम्ही कशाला उठून आलात?

गोविंदराव : थांब, आनंदी. डॉक्टर, शंभरात तीन-चार म्हणालात?

सलील : हो, आजोबा.

गोविंदराव : मग त्या मुलीनं मला तेवढंच का सांगितलं नाही? मी अदबीनं विचारलं होतं.

सलील : तिला परवानगी नव्हती. संशोधनात माहिती घ्यायची असते, आपल्याकडून काही सांगायचं नसतं. निष्कर्ष पक्के होईपर्यंत तरी...

गोविंदराव : वा! आमचे पूर्वज उकरून काढायचे, आणि आम्ही एक प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप! अनय पहिल्यांदा आजारी पडला ना, तेव्हा एका बड्या डॉक्टरनं त्याच्या आईला सुनावलं होतं, ‘मुलाला वाढवण्यात तुम्ही चुकलात.’ ती ते मनात घेऊनच गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारायची, ‘अहो, मी त्याला फार रागवायची का?’ आता तुम्ही आलात आणि पाळी माझी आली. तुम्हा डॉक्टर मंडळींना दरवेळी घरातलाच कुणीतरी गुन्हेगार लागतो का हो?

सलील : नाही, आजोबा. त्यांची चूक नव्हती. तुमचीही नाही.

गोविंदराव : हे तिला ऐकायचं होतं.

आनंदी : रविवारी चला आमच्याबरोबर छाणीला. आत्ता जे बोललात तेच हिंमतरावांपुढे बोला.

सलील : प्रकल्पाच्या नियमांत ते... नाही, येतो. तुम्हा सगळ्यांची संमती असेल तर येतो. नियमांचं माझं मी पाहीन.

आनंदी : मोहना नाही म्हणायची नाही. कालच म्हणाली, सोयरीक जुळो नाहीतर राहो, पण आबांनी मान खाली घालून बसायचं नाही.

गोविंदराव : मीही येईन. चुकीचं सांगायला मीच गेलो होतो. पण डॉक्टर, रक्ताचं मग बघू. तुम्ही डॉक्टरच आहात ना? मग आधी पोराला तपासा. आत्ता.

सलील : चला. अनयभाई, नमस्कार. दोन्ही हात जरा पुढे धरता? असे... हा कंप कधीपासून आहे?

आनंदी : दोन वर्षं झाली असतील. आजार वाढलाय, असं सगळे म्हणतात.

सलील : चालताना पाय घासतात? लाळ गळते?

आनंदी : हो. आणि चेहरा बघा ना, लाकडासारखा झालाय. केवढा हसरा होता.

सलील : मॅडम, हा आजार नाही. औषधाचा परिणाम आहे हा. इंजेक्शनचा डोस जास्त होतोय. आणि त्याच्या जोडीला एक लहानशी गोळी द्यायला हवी होती. साधी गोळी, औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते.

आनंदी : मग?

सलील : ती कुणी लिहिलीच नाही.

आनंदी : एक गोळी? दोन वर्षं, एका गोळीसाठी? अहो, दर महिन्याला हाच हात घेऊन तो त्या टेबलापुढे उभा राहायचा! कुणालाच दिसला नाही? आणि तुमची माणसं! रक्त घेताना हात हलून सुई बसेना, तर दोघांनी मिळून दाबून धरला. दाबून! का हलतो, म्हणून एकानं विचारलं नाही. तुम्हीही होतात ना त्या दिवशी?

सलील : होतो. नळ्यांवर नंबर चिकटवत होतो.

गोविंदराव : आनंदी, पुरे.

आनंदी : का पुरे, आबा? आजवर पुरेच म्हणत आलो आपण. तुम्ही अदब सोडली नाहीत, मी शाळेची शिस्त सोडली नाही. त्या रांगेत एकदा जरी आवाज चढवला असता ना!

सलील : बोलू द्या त्यांना, आजोबा. मॅडम, गोळी आजच सुरू करा. डोस मी हळूहळू खाली आणतो. दर आठवड्याला स्वतः येऊन बघेन, पेटी न घेता.

आनंदी : याल?

सलील : नाही आलो तर आमच्या विभागात येऊन असंच ओरडा.

आनंदी : येईन. आणि एकटी नाही येणार. त्या रांगेत माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, सगळ्यांना घेऊन येईन.

सलील : या. खरंच या. अनयभाई, आता तुम्ही सांगा. सगळ्यात जास्त त्रास तुम्हाला कशाचा होतो?

आनंदी : त्याला झोप...

सलील : त्यांना विचारतोय, मॅडम.

अनय : दाढी.

सलील : दाढी?

अनय : मला येत नाही करता. हात हलतो. आबा करून देतात.

गोविंदराव : त्यात कसला त्रास? रोज सकाळी करतोच की मी.

अनय : आबांना आता नीट दिसत नाही. कापतं कधी कधी.

गोविंदराव : अरे, मग बोलला का नाहीस इतके दिवस?

अनय : तुम्ही करायचं थांबला असतात.